हरकत

'मोफत वाचन कक्ष, सर्वांसाठी खुला.' शहाऐंशी साली बेलापूरच्या नव्या वसाहतीत वाचनालय निघालं तेव्हा दारावरची ही पाटी मीच रंगवली. कमिटीने ठेवलेली मी एकटी. कुलूप काढायचं, पुस्तकं द्यायची, सभेचं इतिवृत्त लिहायचं, आणि अक्षर बरं म्हणून पाट्याही मीच रंगवायच्या.

खुला कसला कप्पाळ! पेपरवाला पेपर आमच्याकडे टाकतच नसे. ते आधी जायचे आमच्या कार्यवाहांकडे, दिनानाथरावांकडे. आधी ते वाचणार, मग त्यांच्या मिसेस, आणि दुपारी बाराला चहाचे डाग नि तेलाची बोटं घेऊन पेपर आमच्या टेबलावर. हात लावायची शिसारी यायची. बक्षिसाचं शब्दकोडं असलं तर तो पेपर चार-चार दिवस तिकडेच. कुणी कुरकुरलं की दिनानाथराव गोड हसून म्हणायचे, "काही हरकत नाही, येईल हो." हे त्यांचं पालुपद. दुसऱ्याची हरकत आहे की नाही, तेही हेच ठरवणार.

एका सोमवारी आठ वाजता मी आले, तर पायरीवर गावातली शेवंताबाई बसलेली. हातात सातबाऱ्याची घडी. नवरा गेल्यावर दिराने जमिनीला एकट्याचं नाव लावून घेतलं होतं. आता ती जमीन सरकार घेणार, म्हणजे हिचा हिस्साही दिराच्या घशात. हरकत नोंदवायची तर सुनावणीला हजर राहायला हवं. ती कधी, कुठल्या ऑफिसात, ते गुरुवारच्या पेपरात आलंय, एवढंच तिला शेजाऱ्याकडून कळलं होतं. बाईला वाचता येत नव्हतं. वाचनालयात कुणालाही पेपर बघायला मिळतो म्हणून ती गावातून चालत आली होती.

गुरुवारचा पेपर अर्थातच दिनानाथरावांकडे. मी तशीच त्यांच्या घरी गेले. कोड्याचा एक शब्द अडलाय, मिसेस म्हणाल्या. मी म्हटलं, एका बाईच्या जमिनीचा प्रश्न आहे, पाच मिनिटं द्या. दिनानाथराव टॉवेलने कान पुसत बाहेर आले नि म्हणाले, काही हरकत नाही, बारापर्यंत पाठवतो. आणि मी शेपूट घालून परत आले. नोकरी त्यांच्या हातात होती ना!

शेवंताबाई चार तास बाकाच्या कडेवर बसून होती. पाणी दिलं तर तेवढं प्यायली. कुणी दारात आलं की उठून उभी राहायची.

बाराला पेपर आला. पान पाचवर भलंमोठं भोक! कोडं कात्रीने कापून बक्षिसासाठी पोस्टातही टाकून झालं होतं. नोटीस नेमकी त्याच्या पाठीवर. वरचा भाग शिल्लक होता. त्यात ऑफिसचं नाव होतं, आमच्या बेलापुरातलंच, आणि सर्व्हे नंबरांची यादी. खालची तारीख नि वेळ गायब. तिथून माझ्या टेबलाचं रेक्झिन दिसत होतं.

"आमचा नंबर हाय?" शेवंताबाईने विचारलं.

"आहे."

"मंग तारीख वाच नं, बाय."

काय वाचणार, डोंबल! वाचनालयाला कुलूप ठोकून मी तिला घेऊन ऑफिस गाठलं. दहा मिनिटांचा रस्ता. तिथल्या क्लार्कने फाईल उघडून पाहिली. सुनावणी आजच होती, सकाळी अकराला. दीर येऊन सही करून गेला होता. क्लार्कने मान वर न करता सांगितलं, "हरकत कुणाचीच आली नाही. प्रकरण बंद."

त्या वेळी आम्ही दोघी बाकावर पेपरची वाट बघत होतो. शेवंताबाईला नीटसं कळलं नसावं. पुन्हा लिहून देता येईल का, एवढं तिने मला विचारलं. बघू, म्हटलं मी.

रविवारी कमिटीची सभा. आज बोलायचंच असं ठरवून गेले होते. पण भोक पडलेला तो पेपर दिनानाथरावांनीच वर धरला. गावातले लोक हल्ली येऊन बसतात, बघा पेपरांचे काय हाल करतात, म्हणाले. निर्लज्जपणाची कमाल! यापुढे वाचन कक्ष फक्त सभासदांसाठी, असा ठराव त्यांनी मांडला. मग चष्म्यावरून सगळ्यांकडे पाहिलं, माझ्याकडे जरा जास्तच.

"कुणाची काही हरकत?"

सगळ्यांच्या तोंडात बटाटेवडे. पेन माझ्या हातात. मी लिहिलं, 'हरकत नाही. ठराव एकमताने मंजूर.' थू माझ्या अक्षरावर. दिनानाथरावांची किळस तर होतीच, पण त्या दिवशी स्वतःची जास्त आली.

दुसऱ्या दिवशी स्टुलावर चढून मी नवी पाटी रंगवत होते. 'फक्त सभासदांसाठी. बाहेरच्यांना प्रवेश नाही.' तेवढ्यात शेवंताबाई आली. माझ्यासाठी परसातल्या अळूची जुडी घेऊन आली होती, त्या सोमवारी तिच्यासाठी धावले म्हणून. ओल्या अक्षरांकडे मान वर करून तिने पाहिलं आणि तिचा चेहरा खुलला.

"माजी हरकत लिवलीस काय गं, बाय?"