डावा हात

इंग्रजीचे तपासनीस येणार म्हटल्यावर मिस इन्साफनी आदल्या दिवशी वर्गाला जुनाच नियम बजावला. "प्रश्न विचारला की सगळ्यांनी हात वर करायचा. उत्तर येतं तिनं उजवा, येत नाही तिनं डावा. कळलं का गं बायांनो?" कळायचं काय त्यात! दमन्हूर गावच्या त्या शाळेतल्या बासष्ट पोरींना इंग्रजी येवो न येवो, हे मात्र तोंडपाठ होतं.

सत्तावीस वर्षं शिकवून शिकवून इन्साफबाई पार पिचून गेल्या होत्या. गुडघे कुरकुरत, घसा कायमचा बसलेला. त्यात या खेपेला शेरा वाईट पडला, तर बदली थेट वाळवंटाकडेच्या शाळेत, जायला-यायला रोज दोन-दोन मायक्रोबस. नुसत्या विचारानंच त्यांना बसावंसं वाटे.

तपासनीस उस्ताद रिफ्अत आले आणि मागच्या बाकावर बसले. धडा सुरळीत चालला. बाई विचारत, भराभर हात वर जात, बाई त्यातला एखादा उजवा हेरत आणि उत्तर मिळे. पण या भल्या माणसाला काय हुक्की आली कोण जाणे! उठून पुढे आले नि म्हणाले, "आता मी सांगतो कुणी बोलायचं. हं, इंग्रजीत चार शब्द कोण बोलून दाखवतं?" पुन्हा सगळे हात वर. त्यांनी बोट दाखवलं ते हनादीकडे, आणि तिचा हात डावा.

ही पोरगी तीन वर्षांत वर्गात धड एक वाक्य बोलली नव्हती. आता मेले, बाई मनात म्हणाल्या.

"घाबरू नकोस बाळ. जे येतं ते बोल," रिफ्अत म्हणाले.

हनादी उभी राहिली. तिनं एकदा बाईंकडे पाहिलं आणि खणखणीत इंग्रजीत सुरू झाली, "खाली बस. चूक. लवकर बोल. पुढची कोण? तुला काही येणार नाही. खाली बस." आवाज बाईंचा, ढब बाईंचीच. शेवटी बाईंसारखा सुस्कारासुद्धा तिनं टाकला.

पोरी एकमेकींकडे बघू लागल्या. रिफ्अत मात्र खूश! "वा, काय स्वच्छ उच्चार! मिस इन्साफ, ही तुमची मेहनत हो." त्यांनी 'उत्तम' असा शेरा लिहिला आणि मुख्याध्यापिकेकडे चहाला गेले.

बदली टळली. इन्साफबाई टेबल धरून उभ्या होत्या. सुटल्याचा आनंद व्हायला हवा होता, पण लाजेनं त्यांना मान वर करवेना. इतकी वर्षं आपण या पोरींशी एवढंच बोललो?

हनादी अजून उभीच होती. तिला कुणी बस म्हटलंच नव्हतं.

बाईंनी घसा खाकरला आणि इंग्रजीत म्हणाल्या, "शाबास, हनादी. फार छान बोललीस."

हनादीचा चेहरा उतरला. शेजारच्या बसंतकडे वाकून तिनं हळूच विचारलं, "काय म्हणाल्या गं? परत चुकलं का माझं?"