हातांनाच ठाऊक असलेलं

एक प्रश्नचिन्ह – काळ्या पडद्यावर एवढंसं, एकटंच, आणि त्याच्याखाली लुकलुकणारी चौकट... बास, एवढंच. ती बघतच राहिली. औषधांच्या लेबलांची फाइल उघडली, तर कारखान्याचा पत्ता जुनाच. सकाळपासूनची मेहनत पाण्यात.

"काय झालं, ताई?" शेजारच्या टेबलावरून बापूंनी विचारलं. युक्ती त्यांचीच – मजकूर बदलणाऱ्या एडिटर प्रोग्रॅमपुढे बसून एकेक आज्ञा टाइप करायची नाही, सगळ्या आधीच एका फाइलीत लिहायच्या आणि बाणाचं चिन्ह देऊन ती फाइल त्याच्या तोंडाशी लावायची. मग तो कीबोर्डकडे ढुंकूनही बघत नाही, फाइलीत असेल तेवढंच ऐकतो.

"बदल केले त्यानं, पण राहिले नाहीत."

बापूंनी तिच्या आज्ञा वाचल्या. "सेव्ह कर असं कुठे सांगितलंय? ते प्रश्नचिन्ह म्हणजे शेवटी विचारतोय बिचारा, सेव्ह न करता असाच जाऊ का म्हणून. उत्तर द्यायला कोणी नाही, मग गेला."

"ते तर मी रोज करतेच की."

"तुमचे हात करतात. हात फाइलीत कुठून येणार?"

हसत हसत ते चहाला गेले. तिला हसू आलं नाही. हात करतात... काल लेकीला आजच्या मुलाखतीची उत्तरं लिहून दिली, जिभेला अडणारी अक्षरं वेचून वेचून काढली – लेक अडखळते, लहानपणापासून – आणि तिनंही ती मुकाट पाठ केली. पण दुकानात, शाळेत, दवाखान्यात, आत पाऊल टाकताच आपण जे म्हणतो, न ठरवता, न आठवता – "ती जरा थांबत थांबत बोलते हं, घाई करू नका" – ते कुठे लिहिलं? ते कशाला लिहायचं, ते आपलं तोंडच म्हणतं. आणि आज तोंड इथे, लेक तिथे.

फोन लावला. बंद. आत गेली असणार. समोर अनोळखी माणसं, स्वतःच्या नावावरच गाडी अडलेली, आणि ती माणसं एकमेकांकडे बघताहेत... नाव तरी मी सांगितलं असतं. नावसुद्धा नेहमी मीच सांगते.

तिनं आज्ञांच्या फाइलीत राहिलेली ओळ घातली, पुन्हा बाण दिला. या खेपेला पत्ते बदलले आणि बदललेलेच राहिले. इथे चूक सुधारता येते, कितीदाही.

पण लेक स्वतःच म्हणाली तर? मला वेळ लागतो, थांबा जरा... ते वाक्य लेकीच्या आवाजात ऐकून बघायला ती डोळे मिटून बसली, पण दर वेळी आपलाच आवाज येई. लेकीनं ते कधी म्हटलंच नव्हतं. म्हणायला तिला सवड कोणी दिली होती? कदाचित आत्ता, या क्षणी, म्हणतही असेल. अडत, तोडत, पण पुरं.

हे चांगलंच की, तिनं मनाला बजावलं. मग बरं का वाटत नाही? लेक अडेल याची धास्ती तिला वर्षानुवर्षांची होती, अंगवळणी पडलेली. आपल्यावाचून लेकीचं काही अडलंच नाही तर – ही धास्ती मात्र नवी होती, आणि या धास्तीचं काय करायचं हे तिला कळत नव्हतं.