बक्षिसाचं घड्याळ

“बाई, हे एकट्यानं चालणारं घड्याळच नाही,” चष्मा कपाळावर सरकवत म्हातारा घड्याळजी म्हणाला.

ती गोंधळली. तीन महिन्यांपूर्वी वडील गेले आणि विजेवरचं हे गोल, जडशीळ घड्याळ तिच्या वाट्याला आलं. वडील इस्पितळात वायरमन होते. “साहेबांनी बक्षीस दिलंय,” एवढंच सांगायचे. घड्याळ एक दिवसही चाललं नाही, पण त्यांनी ते भिंतीवरून हलू दिलं नाही. दादा तर म्हणाला होता, “भंगारात दे टाकून.”

“मोठ्या इमारतीत एक मुख्य घड्याळ असायचं,” घड्याळजी सांगू लागला. “त्याच्याकडून वायरीतून इशारा आला की अशी सगळी घड्याळं अर्धा मिनिट पुढं सरकायची. तुमचे वडील वायरमन होते म्हणता, तर त्यांना हे ठाऊक असणारच.”

“मग बक्षीस?”

“बक्षीस कसलं! नवी घड्याळं बसवली तेव्हा ही पोत्यानं भंगारात निघाली.”

त्याने मागचा पत्रा ओल्या फडक्याने पुसली. रंगाने लिहिलेली अक्षरं वर आली : मुलांचा वॉर्ड, खाट चारसमोर.

आपल्या आधी एक बहीण होती आणि ती लहानपणीच इस्पितळात वारली, एवढंच तिला माहीत होतं. घरात तो विषय कुणी काढत नसे.

घरी आई भाजी निवडत होती. लेकीने घड्याळ टेबलावर पालथं ठेवलं. आईने अक्षरं वाचली. पुन्हा वाचली.

“खाट चारच होती,” आई म्हणाली. “अकरा दिवस. मी तिच्याकडे बघायचे आणि हे भिंतीकडे. मला इतका राग यायचा!”

“बाबा काही बोलले नाहीत कधी?”

“एक शब्द नाही. मी एकदा तिचं नाव घेतलं, तर उठून बाहेर गेले. मला वाटलं, विसरला हा माणूस. तीस वर्षं मनात धरून बसले गं मी.” आईने अक्षरांवरून बोट फिरवलं. “आणि हे रोज माझ्या हाताखालून जात होतं. मीच पुसायचे.”

ती आईशेजारी खुर्ची ओढून बसली.

आईने पदराने डोळे टिपले, भाजीचं ताट बाजूला सारलं.

“केस कुरळे होते तिचे,” ती म्हणाली. “विंचरू द्यायची नाही.”