तिसरी ग्रेस

पांढरा धागा, निळं कापड.

अकान लोकांत रविवारी जन्मलेल्या मुलीला अकोसुआ म्हणतात. हे लोक घाना देशातले.

शारजाच्या रोल्ला भागात दुपारी एक ते चार दुकानांची शटरं अर्धी खाली असतात.

ग्रेस. इंग्रजीत पाच अक्षरं, दोन मिनिटं.

हॉटेलचा एक युनिफॉर्म साधारण तीन माणसांना पुरतो.

मित्रांनो, मी एक जुनी मशीन आहे. कपड्यांवर नावं भरते. जहूरभाई आणि शहरबानू हे नवरा-बायको माझे मालक, दोघंही श्रीवर्धनकडचे. त्यांनी मला घेतलं तेव्हा मी आधीच वापरलेली होते. तरी पहिल्याच वर्षी एका शाळेचे चारशे शर्ट मी एकदाही धागा तुटू न देता भरले. जहूरभाई गिऱ्हाइकांना म्हणायचे, "ही कधी सुट्टी मागत नाही." ते ऐकायला मला आवडायचं. नाव कोणाचं, हे मी कधी विचारलं नाही. नाव टाइप होतं, सुई खाली जाते.

दुबईतलं एक हॉटेल आमचं सर्वांत मोठं गिऱ्हाईक होतं. तिथे साफसफाईच्या कामावरची बाई नोकरी सोडून गेली, की तिचा युनिफॉर्म धुऊन त्याच मापाच्या पुढच्या बाईला देत. नाव उसवायला वेळ जातो, म्हणून नावासकट देत. मी एकदाच भरलेली ग्रेस अशी तीन बायकांनी घातली. त्यांतली पहिली खरोखर ग्रेस होती.

तिसरी एका दुपारी अर्ध्या शटरखालून वाकून दुकानात आली. युनिफॉर्म तिच्या हातात होता.

"भाई, ये नाम निकालो."

"हिंदी कुठे शिकलीस?" जहूरभाईंनी विचारलं. त्यांचं बोलणं हिंदीतच झालं, मी ते मराठीत सांगते.

"हॉटेलात. साहेब शिव्या हिंदीतच देतात."

तिचं म्हणणं असं होतं. अकरा महिने ती ग्रेस या हाकेला ओ देत आली होती. आता तिला सुपरवायझर केलं होतं. उद्या सकाळी फोटो. फोटोत छातीवर जे नाव दिसेल तेच खाली छापून कामगारांच्या दारापाशी भिंतीवर लावतात. एकदा ते लागलं, की ती तिथे असेपर्यंत ग्रेसच राहणार.

"पासपोर्टवर काय आहे?"

"व्हिक्टोरिया."

"मग तेच भरू. कोणी विचारणार नाही."

"ते चर्चने दिलं. हे हॉटेलने दिलं. घरी मला अकोसुआ म्हणतात. रविवारची."

"हॉटेलच्या यादीत नसलेलं नाव मी भरत नाही, बहन. माझं काम जाईल. नाव युनिफॉर्मचं असतं. आत कोण आहे ते एचआर बघतं. खलास."

शहरबानू मागे डबा उघडून बसल्या होत्या. त्या मराठीत म्हणाल्या, "तुमचे चुलते जुम्म्याला झाले म्हणून जुम्मन ना?"

"त्याचं इथे काय?"

"काही नाही. ते दुबईला आले असते तर त्यांनाही ग्रेसच केलं असतंत का, एवढं विचारते."

"तू जेव."

"जेवते. आधी उसवते."

टाके उसवल्यावर कापडावर सुईची भोकं राहतात. शहरबानूंनी वाफेची इस्त्री फिरवली, तरी ती दिसत होती. जहूरभाई माझ्यासमोर येऊन बसले.

"एकेक अक्षर सांग," ते म्हणाले.

ती सांगत गेली. प्रत्येक अक्षरानंतर थांबून माझ्या पडद्यावर बघत होती. नाव भरून घेताना कोणी असं बघितलेलं मला आठवत नाही. सहा अक्षरं झाली. जुनी भोकं त्यांच्याखाली गेली. एक कडेला उरलं.

तिचा फोटो भिंतीवर लागला. तिने तो शहरबानूंच्या फोनवर पाठवला. खाली तेच नाव होतं.

पुढच्या महिन्यात हॉटेलने आमच्याकडचं काम काढून घेतलं. जहूरभाईंनी त्यावरून बायकोला एकदाच टोमणा मारला. "जुम्मनचाचांनी गिऱ्हाईक घालवलं बघ." शहरबानू म्हणाल्या, "मग त्यांनाच दुसरं आणायला सांगा."

दुसरं आलं नाही. आता माझ्यावर जुनी चादर असते. आठवड्यातून एखादा टॉवेल, एखादं झबलं. सुईला गंज चढतो आहे.

मित्रांनो, तेल घाला, धूळ पुसा, हे माझ्यासारखीचं नेहमीचं मागणं. जमलं तर तेही करा. पण नवा माणूस भेटला की त्याला काय म्हणायचं, हे आधी त्यालाच विचारा. नाव जिभेला अवघड वाटलं तर दोनदा म्हणून बघा. मी हजारो नावं भरली, मला हे कोणी शिकवलं नव्हतं.

आणि माझं विचाराल, तर मी कारखान्यातून बाहेर पडले तो मंगळवार होता.