झंझावीरने खाल्लेली माझी पानं

मी एक रफ वही आहे. जुनी म्हणा, फाटकी म्हणा, हरकत नाही. पण मित्रांनो, माझी ही दशा पावसाने केली नाही आणि उंदरांनीही केली नाही. ती एका सुपरहिरोने केली.

गेल्या मे महिन्यात, नाशिकरोडच्या एका कॉलनीत माझा जन्म झाला. तेजलच्या आईने, लताबाईंनी, तिच्या पाचवीच्या वह्यांतली उरलेली कोरी पानं काढली आणि दाभणाने एकत्र शिवली. म्हणून माझ्यात काही पानं गणिताच्या चौकटींची, काही इंग्रजीच्या चार रेघांची आणि बाकी साधी. वर जुन्या कॅलेंडरचं कव्हर. एकूण शहाण्णव पानं. सुंदर नव्हते, पण अंगाने चांगली भरलेली होते.

तेजल सहावीत गेली आणि माझे हाल सुरू झाले. तिच्या शाळेत दरवर्षी मुलांचं हस्तलिखित निघतं. आदल्या वर्षी मराठीच्या शुभांगी मॅडमनी तिच्या गोष्टीखाली 'छान' असं लिहून ती परत दिली होती. नुसत्या 'छान'चा अर्थ काय, हे तेजलला बरोबर कळलं होतं. यंदा तिने अख्ख्या वर्गाला सांगून टाकलं, 'माझी गोष्ट येणारच.' गोष्ट वीस जानेवारीपर्यंत द्यायची होती. त्यात लताबाईंनी बजावलं, "ही वही संपली की गोष्टी बंद. परीक्षेपर्यंत नवी मिळणार नाही."

मग आला झंझावीर, तिच्या गोष्टींचा नायक. त्याला उडता यायचं. त्याला गोळी लागत नसे, भूक लागत नसे, झोप येत नसे. खलनायकाने गोदावरीचं पाणी पळवलं, झंझावीरने एक फुंकर मारून परत आणलं. गोष्ट सात ओळींत खलास! कॉलनीत बिबट्या शिरला, तर झंझावीरला ऐन वेळी बिबट्यांची भाषा येऊ लागली. अहो, आधी येत नव्हती! चार ओळींपूर्वी येत नव्हती! मी कपाळाला हात लावला असता, पण मला हात नाहीत.

प्रत्येक गोष्ट ती मैत्रिणीला, वेदिकाला, मधल्या सुट्टीत वाचून दाखवायची.

"जिंकला ना?" वेदिका विचारायची.

"हो."

"वाटलंच मला. चल, डबा खाऊ."

घरी आल्यावर टर्रकन माझं पान फाटायचं आणि त्याचा बोळा व्हायचा. दिवाळीपर्यंत मी निम्मी झाले. जानेवारीत माझी नऊ पानं उरली. मला रडूच येत होतं. त्या मुलीला येत नव्हतं, ती झंझावीरला आणखी एक शक्ती देत होती.

आता तेजलच्या वडिलांबद्दल सांगते. भिकन ओझरला विमानांच्या कारखान्यात फिटर आहेत. बावीस वर्षं विमानांचे भाग जोडतात, पण उंचीला भयंकर घाबरतात. त्रिरश्मी लेण्यांच्या पायऱ्या चढताना डोंगराच्या बाजूची भिंत सोडत नाहीत. घरात यावरून त्यांची सगळे थट्टा करतात.

संक्रांतीच्या दुपारी तेजल मला घेऊन गच्चीवर बसली होती. वर पाण्याच्या टाकीच्या कठड्याला मांजा अडकला होता आणि त्यात एक साळुंकी उलटी लटकून फडफडत होती. तेजलने हाक मारली, भिकन वर आले. त्यांनी टाकीच्या लोखंडी शिडीकडे पाहिलं आणि तळहात पँटला पुसले.

"लय उंच हाय गं."

"पप्पा, ती मरेल."

ते चढले. प्रत्येक पायरीवर थांबत, डोळे मिटत चढले. खिशातल्या नेलकटरने मांजा कापला, साळुंकी शर्टात घातली आणि तिथेच अडकले. उतरता येईना. त्यांचे पाय थरथरत होते आणि शिडी वाजत होती.

"मला खालची पायरीच दिसंना!"

"खाली बघू नका पप्पा," तेजल शिडी धरून म्हणाली. "डावा पाय टाका. आहे पायरी. आता उजवा. अजून एक आहे."

असं अकरा वेळा. खाली आल्यावर भिकन मटकन बसले. साळुंकी लंगडत चालली, मग उडाली.

तेजलने मला उघडलं आणि लिहिलं, 'झंझावीरला उडता येत नाही. त्याला उंचीची भीती वाटते.'

मित्रांनो, इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच मला पुढची ओळ वाचावीशी वाटली! तिने अक्षर बारीक केलं, समासातही लिहिलं आणि नऊ पानं पुरवून वापरली. शेवटच्या पानाच्या तळाशी झंझावीर टाकीवर होता, शर्टात पाखरू, पाय जागीच थिजलेले. इथे पेन्सिल थांबली. मला धडकी भरली. आता ही पंख देणार! तिने 'पं' लिहिलंसुद्धा. मग खोडलं. आणि पान संपलं.

दुसऱ्या दिवशी वेदिकाने हातातला घास तसाच ठेवला.

"मग? उतरला का तो?"

"पान संपलं."

"संपलं म्हणजे? तेजे, उतरला का ते सांग आधी!"

तेजलचा चेहरा असा फुलला, की मी तिचे सत्त्याऐंशी गुन्हे माफ केले. घरी येऊन तिने शेवट माझ्या कव्हरच्या कोऱ्या बाजूवर लिहिला. खालून एक मुलगी म्हणते, डावा पाय टाका, अजून एक पायरी आहे.

शुभांगी मॅडमनी या वेळी 'छान' लिहिलं नाही. त्यांनी विचारलं, 'त्या साळुंकीचं पुढे काय झालं?' आणि गोष्ट ठेवून घेतली.

तेव्हा मित्रांनो, कळकळीने सांगते. नायकाला सगळं येऊ देऊ नका. एखादी गोष्ट त्याला मुळीच जमू नये, आणि नेमकी तीच करावी लागावी. नाहीतर आमची पानं फुकट जातात.

हस्तलिखितात उतरवून झाल्यावर लताबाईंनी मला रद्दीत टाकलं होतं. भिकननी मला त्यातून उचललं आणि डब्याच्या पिशवीत ठेवलं. आता मी रोज ओझरला जाते. जेवणाच्या सुट्टीत ते मित्रांना गोष्ट वाचून दाखवतात, कव्हरपाशी आले की वाचणं थांबवून म्हणतात, "पाय काय एवढे थरथरत नव्हते माझे."

थरथरत होते. मी तिथेच होते.