प्रस्थान पुतळाच्या घरी

आमच्या ह्यांनी चालायला सुरुवात कुठून करायची यावर साडेतीन महिने विचार केला. एवढ्या वेळात माणूस चालून जाऊन परत आला असता.

बेत माझा होता, हे आधी सांगून ठेवते. रेवसपासून रेडीपर्यंत, कोकणचा अख्खा किनारा पायी. तीसेक दिवस. सत्तावन्न वर्षांत मी माहेरहून सासरी, सासरहून कामोठ्याच्या या फ्लॅटमध्ये आणि फ्लॅटमधून भाजीला, एवढाच प्रवास केला, आणि तोही कुणाच्या तरी कामासाठी. एकदा फक्त माझ्यासाठी चालायचं होतं. एक एप्रिलला मला बंगळुरूला लेकीकडे, श्रुतीकडे पोचायचं होतं, तिचं पहिलं बाळंतपण. मग बारसं, मग 'पाळणाघर नको गं आई'. मी काही दूधखुळी नाही. यंदा राहिलं म्हणजे कायमचं राहिलं.

लोक दिवाळी झाली की निघतात. आम्हीही तसंच ठरवलं होतं. पण आमचे हे, सुधीर, पडले प्लॅनिंगचे. द्रोणागिरीच्या एका गोदामात वीस वर्षं दुसऱ्यांचा माल रवाना केलेला माणूस. त्यांनी एक्सेल उघडलं आणि आमचा संसार त्यात अडकला.

"रेवसहून निघालो तर तोंड दक्षिणेला," नोव्हेंबरात ते म्हणाले. "म्हणजे दिवसभर ऊन तोंडावर. रेडीहून निघून उत्तरेला आलो की ऊन पाठीवर."

"बरं, मग रेडी."

डिसेंबरात रेडी रद्द झालं, कारण वारा समोरून येतो म्हणे. जानेवारीत नवीन टूम निघाली. गुहागरला, म्हणजे मधूनच सुरू करायचं, खाली रेडीला जायचं, मग एसटीने परत गुहागरला येऊन वर रेवसकडे चालायचं.

"अहो, पुस्तक मधून वाचतं का कुणी?"

"उशीर झाला ना आता, वैजू. उशिरा निघणाऱ्यांना हेच सोयीचं पडतं."

उशीर कुणी केला, हे विचारायचं माझ्या ओठांवर आलं होतं. मी गिळलं. कारण रोज पहाटे हा माणूस बूट चढवून दीड तास सरावाला जायचा. सराव करतोय म्हणजे मनात आहे, असं मी धरून चालले. बुटांचे तळवे तीन महिन्यांनीही दुकानातल्यासारखे कोरे होते, ते मी पुसताना दोनदा पाहिलं. पाहिलं आणि म्हटलं, वा, काय टिकाऊ बूट आहेत! अक्कल गहाण टाकली होती, दुसरं काय.

फेब्रुवारीची वीस तारीख आली तेव्हा मात्र माझं टाळकं सटकलं. अठ्ठावीसच्या आत निघालो नाही, तर तीस दिवस बसतच नव्हते.

"सुरुवात कुठून ते ठरो नाहीतर न ठरो," मी म्हटलं, "आज दिवस चांगला आहे. मी प्रस्थान ठेवतेय."

आमच्या माहेरी साताऱ्याकडे ही पद्धत होती. मुहूर्त साधायचाय पण निघणं जमत नाही, तर सुपारी, हळकुंड, अक्षता फडक्यात बांधून गाठोडं दुसऱ्याच्या घरी ठेवायचं. म्हणजे माणूस निघाला असं धरतात. मग सात दिवसांच्या आत ते उचलून पुढे जायचं. एकदा ठेवलेलं गाठोडं परत घरात आणायचं नाही, हा नेम.

मी दोन गाठोडी बांधली, माझं ब्लाउजपीसमध्ये आणि ह्यांचं रुमालात, आणि तळमजल्यावरच्या पुतळाकडे नेऊन दिली. पुतळा म्हणजे आमच्या बिल्डिंगची जवळजवळ मालकीणच. ही जमीन तिच्या सासऱ्यांची होती, त्यावर ही इमारत आली. पण मिजास अजिबात नाही, कुणाच्याही अडीनडीला पहिली हजर. तिने दोन्ही गाठोडी देवाच्या फळीवर ठेवली आणि म्हणाली, "वैजूताय, आता माजी जबाबदारी हाय."

वर येऊन सांगितलं तर सुधीर इतके खूश झाले की मला संशय यायला हवा होता.

"म्हणजे आपण निघालोच की! मग आता घाई कशाला?"

अरे कर्मा! रेटा द्यायला म्हणून केलं, तर त्याची यांनी उशी करून डोक्याखाली घेतली. सहा दिवस ते अगदी निवांत होते. विचारलं की म्हणायचे, "आपण प्रवासातच आहोत."

सातव्या दिवशी सकाळी मी गाठोडी आणायला खाली गेले, तर पुतळाच्या दाराला कुलूप. फोन लावला. पाठीमागे डीजे दणदणत होता.

"मी करंजाला हाय, माहेरी! भाच्याची हलद हाय!"

"अगं, आणि गाठोडी?"

"मंग, बंद घरान परस्थान ठेवतात का? संगती आनलीत!"

मी कपाळाला हात लावला. मग नकाशा डोळ्यांसमोर आला. उरणच्या पुढे करंजा, समुद्राच्या कडेला. करंजाहून लाँच सुटते, ती पलीकडे रेवसला लागते. साडेतीन महिन्यांत एक्सेलला जमलं नाही, ते पुतळाने भाच्याच्या हळदीपायी करून ठेवलं होतं.

सुधीर म्हणाले, "रविवारी येतील त्या, तेव्हा घेऊ."

"प्रस्थान मागे येत नाही. आपणच जायचं."

"मग नुसतं आणायला जायचं, तर तू दोघांच्या सॅक कशाला घेतेस?"

"प्रस्थान आणायला रिकाम्या पाठीने जात नाहीत." असा काही नेम नाही. तो मी तिथल्या तिथे केला.

पनवेलहून उरणची बस धरली. द्रोणागिरीची गोदामं आली तशी ह्यांनी मान दुसरीकडे वळवली. उरणहून रिक्षा केली. करंजाला मांडवात पोचलो तर सगळे पिवळेधमक, आणि पुतळाने आधी माझे गाल हळदीने माखले. मग घरात नेऊन फळीवरची दोन्ही गाठोडी काढली. माझं मी घेतलं. ह्यांचं तिने पुढे केलं, तर ह्यांचे हात पाठीमागे.

"घ्या ना भाऊ."

तेवढ्यात तिचा नवरा गोटीराम आत आला. ह्यांना पाहून त्याला भलतंच प्रेम आलं.

"आरे सुदीरभाऊ! दोन दिस झाले, माज्याबिगर तुमाला बागेतला बाकडा सुना सुना लागत असंल! रोज दीड तास बसायची सवय नाय का आपल्याला!"

मला ते कोरे तळवे आठवले. "रोज दीड तास *बसायची*?"

पुतळाने नवऱ्याला कोपरखळी मारली. पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. सुधीर तिथेच तांदळाच्या पोत्यावर टेकले.

"टाच गेलीय, वैजू," ते म्हणाले. "नोव्हेंबरात पहिल्याच आठवड्यात. डॉक्टर म्हणाले, दोन किलोमीटरच्या वर चालायचं नाही."

"साडेतीन महिने! आणि मला ऊन न् वारा शिकवत होतात? लाज नाही वाटली?"

"वाटली. पण सांगितलं असतं, तर तू म्हणाली असतीस, राहू दे मग."

मला इतका राग आला होता की ते पिवळे गाल पेटलेच असते. पण खरं सांगते, मी अगदी तेच म्हटलं असतं. राहू दे मग. आजवर दुसरं काय म्हटलं होतं? मला रडू फुटलं. पुतळाने पदराने माझे डोळे पुसले आणि हळद डोळ्यात घातली.

एका डोळ्याने पाणी गाळत मी विचारलं, "तुमच्या त्या एक्सेलमध्ये मुक्काम आहेत ना?"

"तीसही आहेत. फोन नंबर, जेवण, गरम पाणी, सगळं."

"मग तुमचं गाठोडं उचला आणि एसटीने या. रोज माझ्या आधी पोचायचं आणि चहा टाकून ठेवायचा."

"तू एकटी चालणार?"

"हो."

मी हा शब्द इतक्या सहज म्हटला की माझी मीच दचकले. सुधीरनी गाठोडं घेतलं, कपाळाला लावलं आणि शर्टाच्या खिशात कोंबलं. गोटीरामने आम्हाला लाँचवर सोडलं.

रेवसच्या धक्क्यावर उतरल्या उतरल्या ह्यांनी वही काढली. चेहऱ्यावर साडेतीन महिन्यांत पहिल्यांदा तजेला दिसत होता.

"नोंद करू. सुरुवात कुठून धरायची? इथून, करंजाहून की कामोठ्याहून?"

"पुतळाच्या फळीवरून."

ते खरंच लिहायला लागले. मग वेळ विचारायला त्यांनी मान वर केली, तोवर मी धक्का ओलांडून रस्त्याला लागले होते.

"वैजू, टोपी घाल!" ते ओरडले. "ऊन तोंडावर आहे!"