हुद्दा : सहाय्यक

परदेशातल्या नोंदणी मंडळाला माझा एकच कागद हवा होता. अकरा वर्षं मी एक्स-रे काढते, असं दवाखान्याच्या मालकाने लिहून दिलेलं पत्र. परीक्षा पास झाले होते, नोकरी ठरली होती. मुदत शुक्रवारी संपत होती.

मोठ्या डॉक्टरांनी, म्हणजे मालकांनी, गुरुवारी पत्र दिलं. हुद्दा : सहाय्यक.

"डॉक्टर, हे काय?"

"तुझ्या नेमणुकीच्या कागदावर तेच आहे. मी खोटं कसं लिहू?"

अहाहा, सत्यवादी! एक्स-रेचा डिप्लोमा हातात असताना मी सहाय्यकाच्या पगाराच्या त्या कागदावर सही केली होती. 'कागदावर काय का असेना, मशीन तूच चालवणार,' असं हेच म्हणाले होते आणि मी मान डोलावली होती. आमच्या धंद्यातल्या अर्ध्या पोरी अशाच गळाला लागतात.

घरी भाऊ म्हणाला, "ताई, पाण्यात राहून माशाशी वैर नको."

"म्हणून तर पाण्याबाहेर निघालेय," मी म्हटलं.

शुक्रवारी पहिली पेशंट म्हणजे घसरून पडलेली एक आजी. खुबा मोडल्याचा संशय. तिला टेबलावर नीट घेतलं आणि बटणापाशी, काचेमागे न जाता बाजूला उभी राहिले.

"काढ ना," डॉक्टर दारातून म्हणाले.

"सहाय्यकाने बटण दाबायचं नसतं. नियम आहे."

"आता हे नाटक?"

"नाटक अकरा वर्षं चाललंय. मी पडदा पाडतेय."

ते तणतणत काचेमागे गेले. मशीनवरच्या आकड्यांकडे बघत राहिले. त्यांना तयार फिल्म उजेडात धरायची सवय. खुब्याला किती लावायचं, कुठे ठाऊक? लावला तो आकडा छातीचा.

"बाळा, येतं ना रे तुला?" आजी कण्हत म्हणाली.

मला माझीच लाज वाटली. तिला कळा येत होत्या आणि मी हुद्द्यासाठी भांडत होते. मी काचेमागे गेले आणि डॉक्टरांचा हात बटणावरून बाजूला केला. हो, मालकाचा हात.

"फोटो वाया जाईल, मग परत काढाल. तिच्या अंगावर दोनदा किरणं कशाला?"

आकडे बदलले. "आजी, हलू नका." फोटो निघाला. हाड मोडलेलं, पण फोटो स्वच्छ.

डॉक्टर हसले. "बघ, शेवटी काढलासच."

हुकमाचं पान मीच टाकून दिलं होतं. पण काम केल्यावर नोंद करायचीच असते, म्हणून रजिस्टर उघडलं आणि हात थांबला. प्रत्येक ओळीत 'फोटो काढणारा' या रकान्यात माझी सही. प्रत्येक महिन्याच्या तळाला, तपासलं म्हणून, डॉक्टरांची.

"सहाय्यक अकरा वर्षं बटण दाबत होती आणि तुम्ही सह्या करत होता," मी म्हटलं. "सरकारी तपासणीवाल्यांना हे दाखवू, की मंडळाला खरं पत्र पाठवू?"

"धमकी देतेस?"

"विचारतेय."

आजी टेबलावरूनच म्हणाली, "अरे दे की लिहून! मला इथून उतरवा आधी."

तिला उतरवून वॉर्डात पोचवलं. परत आले तेव्हा डॉक्टर लिहीत होते. हुद्दा : एक्स-रे टेक्निशियन. अनुभव : चार वर्षं.

"अकरा," मी म्हटलं. "आकड्यात आणि अक्षरात."

त्यांनी कागद फाडला, दुसरा घेतला. शिक्का इतक्या जोरात मारला की टेबल हललं.

"आणि इथे कोण काम करणार?"

"महिनाभर मी आहे. तोवर डिप्लोमावाली शोधा. तिच्या कागदावर काय लिहायचं, ते मी तिला पहिल्याच दिवशी सांगणार आहे."

पत्र स्कॅन करून मुदतीत मंडळाला पाठवलं. बाहेर बाकावर सहा जण खोळंबले होते. मी पुढच्याला हाक मारली.